चकली, मांडूळ आणि तीन कोटींचा भाव



मागच्या आठवड्यात आपल्याच एका मराठी ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ पुढे ढकलला होता. प्लास्टिकच्या टबात तपकिरी रंगाचं मांडूळ, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र, आणि मागून आवाज, "असली माल आहे, वजन बघून घ्या." खाली कुणी हात जोडल्याची चित्रं टाकली, कुणी विचारलं "किंमत?", आणि एका गृहस्थांनी विचारलं, "हे घरात पाळलं तर चालतं का? लक्ष्मी येते म्हणतात."

उत्तर एका ओळीचं आहे. चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्याकडचं मांडूळ पकडणं, घरात ठेवणं, विकणं आणि विकत घेणं, सगळाच गुन्हा आहे. पण एका ओळीचं उत्तर कुणी मनावर घेत नाही हे मला बँकेत सदतीस वर्षं काढल्यावर चांगलं कळलंय. शिवाय या प्राण्याशी माझा संबंध जरा जास्तच आलेला आहे, थेट मांडीवर घेऊन बसण्यापर्यंत. म्हणून सविस्तर लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं मूळ गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठचं. जन्म १९५१ चा. लहानपणी कडब्याची गंजी उपसताना किंवा भुईमूग काढताना मांडूळ निघायचंच. हातभर-दीड हात लांब, मनगटाएवढं जाड, रंग भाजलेल्या विटेसारखा. शेपूट निमुळती नाही, बोथट, त्यामुळे डोकं कुठलं आणि शेपूट कुठली हे पटकन कळत नाही. डिवचलं की ते डोकं वेटोळ्याखाली दडवतं आणि शेपूट वर करून हलवतं. मारायचंच असेल तर इथे मारा, असा त्याचा हिशोब. यावरूनच ते दुतोंड्या झालं. आमच्या गावात सांगायचे की सहा महिने एका तोंडाने चालतं, सहा महिने दुसऱ्या. चाटलं तर अंगावर कोड फुटतं, असंही एक होतं. विष मात्र त्याच्यात औषधालासुद्धा नाही. उंदीर-घुशींना विळखा घालून आवळतं आणि गिळतं, बस.

माझी आजी पक्की अहिराणी. गडी माणसांनी काठी उचलली की ती ओट्यावरून ओरडायची, "मारू नका रे भाऊ, उंदिर खास तो!" मग कुणीतरी फावड्यावर उचलून बांधाला सोडून यायचं. त्या काळी त्याला एवढीच किंमत होती : उंदीर खातो. ज्यांनी १९९४ चा सुरतेचा प्लेग पाहिलाय, स्टेशनवर पोरंबाळं घेऊन गाडीत घुसणारी माणसं पाहिलीत, त्यांना ही किंमत लहान वाटणार नाही.

मी अमळनेरच्या प्रताप कॉलेजातून बी.कॉम. झालो, १९७४ ला बँकेत लागलो आणि सुरतेला आलो तो इथलाच झालो. उधना, नानपुरा, वराछा, मधे दोन वर्षं बारडोली, आणि २०११ ला निवृत्ती. घर अडाजणला. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सोडलं आणि आमची सोसायटी पहिल्या मजल्यापर्यंत बुडाली तेव्हा माणसांसारखेच सापही जिना चढून वर आले होते. लोक घाबरलेले, हातात येईल त्याने मारत होते. मेलेल्यांत धामण होती, दिवड होती आणि एक मांडूळही होतं. विषारी एकही नव्हता. पण चिखल, अंधार आणि चार दिवसांची भूक असताना कुणाला काय सांगणार? पुण्यात नीलिमकुमार खैरे १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले होते. ते सगळं लोकांची भीती जावी म्हणूनच ना? त्याला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. भीती आपली जिथल्या तिथे.

गंमत बघा, भीती गेली नाही पण मधल्या काळात भाव आला. काठीने मारण्याच्या लायकीचा जीव एकदम लाखाचा आणि मग कोटीचा कसा झाला हे मला आजतागायत उमगलेलं नाही. पण त्या भावाने काय होतं ते मी जवळून पाहिलंय.

आमचे एक खातेदार होते. नाव लिहीत नाही, भाऊ म्हणू. साक्री तालुक्यातले. मी उधन्याच्या शाखेत असताना त्यांचं पहिलं बचत खातं मीच उघडलं होतं. तेव्हा ते वाइंडिंगवर कामाला होते, पुढे लूमवर कारागीर झाले, आणि चाळीस-बेचाळिशीत जुने चार लूम घेऊन भाड्याच्या जागेत स्वतःचं खातं टाकलं. (सुरतेबाहेरच्या वाचकांसाठी : इथे लूमच्या कारखान्यालाही खातंच म्हणतात. भाऊ म्हणायचे, साहेब, तुमच्याकडे एक खातं आणि माझ्याकडे एक, दोन्हींत शिल्लक नाही.) माणूस निर्व्यसनी, शब्दाचा पक्का. रोज लिंबायतहून सायकलवर.

२०१५ च्या दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी ते घरी आले. चहा झाला, गावाकडचं झालं, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "साहेब, एफडी मुदतीआधी मोडली तर व्याज किती कापतात?"

हा प्रश्न आम्ही बँकवाले हजारदा ऐकतो आणि त्याच्या मागे काहीतरी असतंच. आजारपण, लग्न, नाहीतर घरातलं भांडण. एफडी वहिनींच्या नावावर होती, तीन लाख चाळीस हजारांची, मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी ठेवलेली. मी विचारलं, "भाऊ, काय अडलंय?" तर उठून त्यांनी आधी दरवाजा लोटला आणि मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. पत्र्याच्या डब्यात मांडूळ.

ते गावाकडच्या मेहुण्याच्या शेतात सापडलं होतं आणि आठ दिवसांपासून भाऊंच्या घरी खाटेखाली होतं. 'पार्टी' मुंबईची होती. वजन अडीच किलोच्या वर भरलं तर तीन कोटी. आधी कंपनीचा माणूस 'टेस्टिंग'ला येणार, त्याची फी साडेतीन लाख, ती भाऊंनी भरायची आणि सौदा झाला की परत मिळणार.

मी म्हटलं, "भाऊ, माल तुमचा. मग फी तुम्ही का भरायची? विकणारा पैसे भरतो असा सौदा मी उभ्या नोकरीत पाहिला नाही."

"साहेब, तसाच नियम आहे त्या लाइनमध्ये."

"बरं, घेणारा त्याचं करतो काय?"

यावर त्यांच्याकडे तीन उत्तरं होती. कॅन्सरवर औषध करतात. परदेशात पाठवतात. आणि आवाज खाली आणून, गुप्तधनाला लागतं. मी त्यांना वराछाच्या हिऱ्याचं उदाहरण दिलं. वराछाला असताना मी रोज बघायचो, कागदाच्या पुडीत लाखांचा माल, नुसत्या शब्दावर एका दलालाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातोय. बाहेरच्याला वाटेल सगळा हवेतला कारभार. पण शेवटी तो हिरा कुणाच्या तरी बोटात जातो. ती अंगठी दाखवता येते, म्हणून मधल्या सगळ्यांचा भाव खरा. "तुमच्या साखळीतला शेवटचा माणूस दाखवा मला," मी म्हटलं. "ज्याने पैसे मोजून घेतलं आणि वापरलं असा एक. बाकी सगळे दलालच आहेत, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतोय की पार्टी पुढे बसलीय."

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी त्यांना व्याजाचं नुकसानही काढून दाखवलं. भाऊंनी कागद नीट घडी करून खिशात घातला, पाया पडले आणि गेले. एफडी मंगळवारी मोडली.

पुढचं त्यांनीच नंतर सांगितलं. कडोदऱ्याच्या पुढे हायवे सोडून आत, उसाच्या शेताकडे रात्री बोलावलं होतं. पैसे दिले, डबा दिला, बॅटरीच्या उजेडात वजन चाललं होतं आणि तेवढ्यात दोन गाड्या आल्या. कुणीतरी ओरडलं, "फॉरेस्टवाले!" सगळे पळाले. भाऊपण पळाले, चप्पल टाकून, उसातून. उसाच्या पात्यांनी हात आणि तोंड फाटलं होतं. खरी धाड होती की त्यांचंच नाटक, हे भाऊंना कधीच कळलं नाही. पैसे गेले, डबा गेला, फोन लागेना.

मी म्हटलं पोलिसांत चला. मी बरोबर येतो. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "साहेब, काय लिहून देऊ? मी साप विकायला गेलो होतो?"

सगळी मेख इथे आहे, मंडळी. चेक वटला नाही तर तक्रार करता येते, कुणी पतपेढी बुडवली तर मोर्चा काढता येतो. इथे फसवला गेलेला माणूस स्वतःच आरोपी होतो. हा धंदा काढणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच तो आपल्यासारख्या अब्रूला जपणाऱ्या माणसाला शोधतो. गुंडाला फसवणं अवघड, तो परत येतो. भाऊंच्या मुलीचं नर्सिंगचं ते वर्ष गेलं. लूमपैकी दोन विकले.

हे एकट्या भाऊंचं नशीब म्हणाल तर तसं नाही. वन्यजीवांवर काम करणाऱ्या डब्ल्यूसीएस-इंडिया या संस्थेने २०१६ ते २०२१ या वर्षांतल्या मांडूळ पकडल्याच्या बातम्या देशभरातून गोळा केल्या. १७२ घटना निघाल्या. त्यातल्या ५९ एकट्या आपल्या महाराष्ट्रातल्या. पहिला नंबर आपला. आणि हे फक्त पकडलेले. उसातून पळालेले यात नाहीत.

आता तुम्हाला एकदम अमेरिकेत नेतो, कारण या गोष्टीचा दुसरा भाग तिथला आहे.

माझी मुलगी टेक्सासमध्ये डॅलसजवळ प्लेनोला असते. २०२२ च्या मे महिन्यात आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी गेलो. विमानतळावरून घरी जाताना जावई जरा अडखळत म्हणाले, "बाबा, घरात एक पाळीव प्राणी आहे, सांगायचं राहिलंय." आम्हाला वाटलं कुत्रा. नात, तेव्हा अकरा वर्षांची, मागच्या सीटवरून म्हणाली, "आजोबा, ती चावत नाही. तिचं नाव चकली आहे."

चकली म्हणजे केनियातलं मांडूळ. इंग्रजीत सँड बोआ. लॉकडाउनमध्ये शाळा बंद, बाहेर जाणं बंद, पोरगी खोलीतून बाहेर येईना, कुणाशी बोलेना. कुत्र्याच्या केसांची मुलीला ॲलर्जी. तेव्हा कुणीतरी हा प्राणी सुचवला. नातीने मला पहिल्याच दिवशी धडा दिला. आपलं मांडूळ आणि चकली यांचं आडनाव एकच, एरिक्स. आपल्याचं पूर्ण नाव एरिक्स जॉनी. १८०१ साली पॅट्रिक रसेल नावाच्या कंपनी सरकारच्या डॉक्टरने तामिळनाडूतल्या तरंगंबाडीच्या जॉन नावाच्या मिशनऱ्यावरून ठेवलेलं. चकलीचं माहेर केनिया-इजिप्तकडचं, वाळवंटातलं. दोघी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच होतात.

मी बँकवाला. मी पहिलं विचारलं, "कितीला पडली?"

"ऐंशी डॉलर," नात म्हणाली आणि फाइलमधून पावती काढून दाखवली. पावती! दुकानाचं नाव, तारीख, जन्म दुकानातच झाल्याची नोंद, विक्रीकर. साडेसहा हजार रुपयांच्या आत मामला. तिथे लोक घरी, दुकानात यांची पैदास करतात. पिल्लं भरपूर होतात, म्हणून भाव खाली. पहिल्या वर्षाच्या अर्थशास्त्रातला धडा. मला सारखे भाऊंचे तीन कोटी आठवत होते.

काचेची पेटी, तळाला लाकडाच्या भुशाचा चार बोटं थर, एका टोकाखाली गरम राहणारी चटई, दुसरं टोक थंड, एक पाण्याची वाटी. झालं घर. तिला ऊब हवी असली की ती एका टोकाला जाणार, नको असली की दुसऱ्या. दिवसभर भुशात गडप, फक्त दोन डोळे वर. डोळे डोक्याच्या अगदी माथ्यावर, त्यामुळे चेहरा कायम आश्चर्य वाटल्यासारखा. रंग केशरी, वर चॉकलेटी ठिपके. दोन फुटांची. वेटोळं घातलं की खरोखर चकलीच.

अडचण एकच होती, जेवण. ती दहा दिवसांनी एकदा उंदराचं पिल्लू खाते, आणि ती पिल्लं गोठवलेली, पाकिटात मिळतात. कोमट पाण्यात ठेवून मऊ करायची आणि चिमट्याने पुढे धरायची. पाकीट फ्रीझरमध्ये! आमची ही इथून बांधून नेलेल्या पुरणपोळ्या ठेवायला फ्रीझर उघडते तर... पुढचं तुम्ही समजून घ्या. त्याच संध्याकाळी गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीझर आला.

ही पहिले पंधरा दिवस त्या खोलीत गेली नाही. मग बदल कसा झाला सांगतो. नात चकलीची वही ठेवायची. तारीख, वजन, खाल्लं की नाही, कात कधी टाकली, पेटीचं तापमान. एकही दिवस गाळलेला नाही. (मी त्यात 'शेरा' असा एक रकाना वाढवला, एवढंच माझं योगदान.) ही एक दिवस वही चाळत बसली आणि म्हणाली, "अहो, ही पोरगी ज्याच्यासाठी एवढं करते ते बघू तरी काय आहे." नातीने चकली काढून माझ्या हातावर दिली. एकाहत्तराव्या वर्षी मी पहिल्यांदा साप धरला. वाटलं होतं गिळगिळीत, ओला असेल. तर कोरडा, गुळगुळीत, नव्या चामड्याच्या पाकिटासारखा. वजन २८५ ग्रॅम. तिने माझ्या तीन बोटांना हलकासा विळखा घातला आणि तशीच बसून राहिली. लहान मूल झोपेत बोट धरतं ना, तितपत. हिने लांबूनच एक बोट लावलं, मागे घेतलं, परत लावलं.

त्या वर्षी नागपंचमी २ ऑगस्टला होती. आपल्या सुरतेत ती दोनदा येते, आपली श्रावण शुद्ध पंचमीला आणि गुजराती शेजाऱ्यांची वद्य पंचमीला, तेव्हा त्यांच्याकडून बाजरीची कुलेर येते. प्लेनोत एकदाच. हिने पाटावर गंधाने नागोबा काढले, लाह्या-दूध ठेवलं, पुरणाची दिंडं केली. चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, सगळं यथासांग. आणि नेमका तो चकलीच्या जेवणाचा दिवस. नात म्हणाली, "आजी, साप दूध पीत नाहीत." ही म्हणाली, "माहीत आहे मला. आणि आज तिला उपास. उद्या दे."

वहीत त्या दिवशी शेरा आहे : 'आजीने उपास सांगितला.'

हे सगळं वाचून तुमच्या मनात येईल तेच नातीच्याही मनात आलं. २०२४ च्या जुलैमध्ये तिच्या सुट्टीत ती इथे आली तेव्हा. पालच्या बाजूला एका बांधकामावर जेसीबीने माती उकरताना मांडूळ निघालं आणि आमच्या ओळखीचे जीवदयेचे एक कार्यकर्ते ते सोडवायला निघाले होते. मी नातीला घेऊन गेलो. पाऊस नुकता थांबला होता. वीस-पंचवीस माणसं गोल करून उभी. वॉचमन म्हणत होता, "बे मोढावाळो छे, साहेब, करोडनो माल छे!" आणि खरं सांगतो, दोन जण फोनवर भाव विचारत होते. मांडूळ बिचारं मातीच्या ढेकळाखाली डोकं खुपसून शेपूट हलवत होतं. साठ वर्षांपूर्वी आमच्या खळ्यावर करायचं तसंच.

कार्यकर्त्याने येऊन सगळ्यांत आधी काय केलं असेल तर लोकांना मोबाइल खाली ठेवायला सांगितलं. मग ते उचललं, जखम आहे का बघितली, कापडी पिशवीत घालून गाठ मारली आणि वनखात्याला फोन केला. नातीने अदबीने विचारलं, "काका, मी धरू? माझ्याकडे घरी आहे, मला येतं." तो "नाही" म्हणाला. इतक्या सरळ नाही म्हणाला की तिचा चेहरा उतरला.

रिक्षात ती गप्प होती. मग म्हणाली, "आजोबा, माझं चालतं आणि इथे कुणी प्रेमाने पाळलं तर गुन्हा? हे बरोबर नाही. भारतात केनियाची पाळता येते का?" मी सांगितलं की परदेशी प्राण्यांसाठी सरकारने २०२० मध्ये स्वेच्छेने नोंद करायची सोय काढली होती आणि आता २०२४ मध्ये नोंदणीचे नियमच आणलेत. म्हणजे कागदपत्रं असली तर तो प्रश्न वेगळा. पण आपलं मांडूळ नाही. "का?" तिने परत विचारलं.

कार्यकर्ता आमच्याबरोबरच बसला होता, पिशवी मांडीवर. तो म्हणाला, "बेटा, तुझी चकली दुकानात जन्मली. ती कमी झाली म्हणून केनियात एकही कमी होत नाही. हे शेतातून येतं. आणि तू हातात धरलेला फोटो कुणी काढला असता तर आज रात्रीपर्यंत तो चार ग्रुपवर गेला असता. माल, खाली आजची तारीख. मग उद्या कुणीतरी डबा घेऊन शेतात जाणार." मी विचारलं, कुठे सोडणार? तो नुसता हसला. जागा तो वनखात्याशिवाय कुणालाच सांगत नाही, म्हणाला.

नातीला पटलं की नाही, कोण जाणे. तिची वही मात्र अजून चालू आहे. चकली वीस वर्षं जगू शकते. तीन-चार वर्षांत नात कॉलेजला जाईल तेव्हा पेटी कुणी सांभाळायची यावर तिथे आत्ताच चर्चा आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ही आधी नातीला विचारते जेवलीस का, मग चकलीला.

भाऊंची मुलगी एक वर्ष मागे पडली पण नर्सिंग पूर्ण केलं. आता इथेच एका मोठ्या दवाखान्यात आहे. मागच्या दिवाळीत ती आणि भाऊ फराळाला आले होते. भाऊ त्या प्रकाराबद्दल कधीच बोलत नाहीत, मीही काढत नाही. पण हिने कौतुकाने नातीचे फोटो दाखवायला सुरुवात केली आणि बोट सरकवता सरकवता चकलीचा फोटो आला, नातीच्या मनगटावर विळखा घातलेला. भाऊ उठून गॅलरीत गेले.

मुलगी फोटो मोठा करून बघत राहिली. मग हळूच विचारलं, "काकू, ही खाते?"

"हो गं, दहा दिवसांनी एकदा. वहीत लिहिलेलं असतं."

"आमचं नव्हतं खात," ती म्हणाली. "मी रात्री उठून डब्याचं झाकण उघडून बघायचे. पाणी पण ठेवलं होतं बशीत. आठ दिवस काहीच खाल्लं नाही त्याने."